पोलीस भरतीत पोरं नेमकी कुठे गळतात?

मा. संपादक,
स. न.

पोलीस भरती निघाली की वृत्तपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या : एका जागेसाठी शंभर अर्ज, आणि शिपायाच्या रांगेत इंजिनीअर. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले, हे खरेच आहे. पण त्यात एकाच उमेदवाराचे शिपाई, चालक, कारागृह शिपाई, राज्य राखीव दल असे वेगवेगळे अर्ज असतात आणि फॉर्म भरून मैदानाकडे न फिरकणारेही पुष्कळ असतात. मुंबईच्या भरतीत मुलं-मुली ज्या गोष्टींवर गळतात त्या बहुतेक लहान आणि आधी टाळता येण्यासारख्या असतात. त्या छापून येत नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिली गळती फॉर्म भरतानाच होते. बारावी पास, उंची मुलांना १६५ सेंटिमीटर व मुलींना १५५, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढ, वय खुल्या गटात १८ ते २८ आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत, एवढे सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती दाखल्यांच्या तारखांत. नॉन-क्रीमिलेयर दाखला (मागासवर्गीयांना उत्पन्नाच्या मर्यादेसाठी लागणारा) अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला आणि त्या आर्थिक वर्षात वैध असावा लागतो. जुना संपलेला असतो, नवा तहसीलमध्ये अडकलेला असतो आणि फॉर्ममध्ये जुनाच क्रमांक टाकला जातो. कागदपत्र तपासणीत दाखला बाद झाला की उमेदवार खुल्या गटात धरला जातो. वय तीस असेल तर तिथे तो २८ च्या वर, म्हणजे मैदानात आणि लेखीत मिळवलेले सगळे गुण पाण्यात. खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक यांसारखे समांतर आरक्षण फॉर्ममध्ये ‘हो’ केले नसेल, तर नंतर प्रमाणपत्र दाखवून उपयोग होत नाही. खेळाचे प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घेतलेले असावे लागते. ते काम दोन दिवसांत होत नाही.

आणखी एक गोष्ट. गावाकडे फॉर्म ई-सेवा केंद्रात भरला जातो. केंद्रचालक घाईत स्वतःचा ई-मेल टाकतो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो आणि मैदानाची तारीख बदलल्याचा निरोप उमेदवाराला कधी मिळतच नाही. ई-मेल आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्यावा आणि तो नंबर भरती संपेपर्यंत बंद करू नये. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस दलात, अर्ज चालतो. ‘मुंबईत एक, ठाण्यात एक’ ही हुशारी दोन्हीकडून बाहेर काढते.

आता ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी. ५० गुण : मुलांना १६०० मीटर (२०), १०० मीटर (१५), गोळाफेक (१५), मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. २५ गुणांना पास म्हणतात, पण त्याने लेखीचे दार उघडत नाही. प्रत्येक प्रवर्गात जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावतात, त्यामुळे काठावरचा पास घरीच बसतो. २०२२ पासून मैदान आधी आणि लेखी नंतर असा क्रम आहे. म्हणजे अभ्यास कितीही झालेला असो, तो दाखवण्याची संधी गोळा आणि घड्याळ ठरवतात.

१६०० मीटरचे पूर्ण वीस गुण ५ मिनिटे १० सेकंदांना मिळतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार लॅप, एकेक साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. बहुतेक मुले पहिला लॅप ६५-६८ मध्ये मारतात, कारण शेजारचा सुटलेला असतो. तिसऱ्या लॅपला मांड्या दगड होतात आणि चौथा नव्वदच्या पुढे जातो. पहिला लॅप ७६ च्या खाली नको, हे सरावात घड्याळ हातात घेऊन अंगवळणी पाडावे लागते. शाळेच्या मैदानावर ‘इथून तिथून २०० मीटर’ अशा अंदाजावर धावणाऱ्यांची खरी वेळ त्यांना ठाऊकच नसते. लहान गोलात मोबाईलचे जीपीएसही अंतर चुकवते. आतल्या कडेपासून टेपने मोजलेला ट्रॅक हवा. वेळ आता चिपने घेतात. शेवटच्या दोन पावलांत वेग सोडून चालत रेघ ओलांडली की सेकंद जातो आणि सेकंदाबरोबर गुणांचा टप्पाही. रेघेच्या पुढे दहा मीटरवर नजर ठेवून धावायची सवय सरावातच लावावी. मुलींना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, म्हणजे लॅप ८५ सेकंदांचा.

१०० मीटरला पूर्ण गुण मुलांना साडेअकरा सेकंदांना आणि मुलींना चौदाला आहेत. साडेअकरा ही जिल्हा पातळीच्या धावपटूची वेळ आहे. सहा महिन्यांत ती प्रत्येकाला जमेल असे सांगणारा प्रशिक्षक फी घेण्यापुरता खरे बोलतो. गोळ्याचे तसे नाही. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, पूर्ण गुण साडेआठ मीटरला. मुलींचा ४ किलोचा, सहा मीटरला. हे तंत्राने मिळणारे गुण आहेत आणि सर्वात जास्त वायाही इथेच जातात. गोळा चेंडूसारखा हात मागे नेऊन टाकला की खांदा दुखावतो आणि अंतरही जात नाही. तो मानेला टेकलेला हवा, कोपर वर, आणि जोर मागच्या पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात यायला हवा. हात सर्वात शेवटी. फेकून झाल्यावर तोल जाऊन पुढच्या पट्टीवर पाय पडतो आणि चांगली फेक फाऊल होते. म्हणून सरावात वर्तुळ आखून, फेकीनंतर दोन सेकंद आतच थांबून मागच्या बाजूने बाहेर पडायला शिकवावे. पाच किलोच्या गोळ्यावर सराव करून मुंबईला जाणाऱ्यांचे काय होते, ते नायगाव किंवा मरोळच्या मैदानावर कुणीही पाहू शकतो.

दम वाढावा म्हणून मैदानाच्या तोंडावर घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही. जिममधल्या ओळखीच्या माणसाने दिलेली ही औषधे उन्हात, उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून आलेल्या शरीरात जातात. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे बळी गेले होते. आता अंतर कमी झाले, तरी उकाडा आणि जागरण तेच आहे.

लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची : अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडू नये. पास व्हायला ४० लागतात, पण निवड मैदान आणि लेखीच्या एकत्रित दीडशेवर होते. ग्राउंडला ४८ घेणारा गणितात गडबडला की ग्राउंडला ४० वाला पुढे निघून जातो.

निवड यादीत नाव आले म्हणजे संपले, असेही नाही. वैद्यकीय तपासणीत नजर, रंगांधळेपणा, गुडघे, तळवे पाहतात. रंग ओळखण्याची तपासणी आधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडून करून घ्यावी. दोष असला तर तो बदलता येत नाही, पण आधी कळले तर निदान वर्ष तरी वाचते. मग चारित्र्य पडताळणी. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) ‘गुन्हा दाखल आहे किंवा होता काय’ या प्रश्नाला, गावच्या जत्रेतल्या हाणामारीतून निर्दोष सुटलेला मुलगा ‘नाही’ लिहितो. त्याला वाटते प्रकरण मिटले. माहिती लपवणे हे गुन्ह्याहून वेगळे कारण होऊन नेमणूक रद्द होऊ शकते. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट आखून दिली आहे. निकालाची प्रत जोडून खरे लिहावे.

मुंबई का निवडावी, याचाही विचार फार थोडे करतात. २०२१ च्या भरतीत एकट्या मुंबईत शिपायांच्या ७,०७६ जागा होत्या, म्हणून झुंबड उडाली. पण शिपाई त्या घटकाचा असतो. गावाकडे आंतरजिल्हा बदली हवी तर वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि विनंती बदलीत ज्येष्ठता खाली जाते. २१,७०० रुपये मूळ वेतनात वसाहतीची खोली मिळेपर्यंत बदलापूर-विरारहून ये-जा करायची तयारी हवी.

निवड आणि प्रशिक्षण यांच्यामध्ये काही महिने जातात. त्या काळात पोरं धावणे सोडतात, पार्ट्या होतात, वजन वाढते. मग प्रशिक्षण केंद्रात पहाटेची पीटी आणि बूट घालून कवायत सुरू झाली की पहिल्याच महिन्यात नडगीच्या हाडाला सूज येते आणि माणूस सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून कवायतीबाहेर. आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर हळू धावणे एवढे चालू ठेवले तरी पुरते.

आपल्या पत्राकडून दोन अपेक्षा. जाहिरात निघाली की जागांच्या आकड्यासोबत दाखल्यांच्या तारखांचा तक्ता आणि गुणांचे टप्पे छापावेत. आणि मैदानाच्या काळात मुंबईत येणारी मुलं-मुली दादर-परळच्या फूटपाथवर आणि स्थानकांवर रात्र काढतात, त्यांच्यासाठी महापालिकेच्या शाळा रात्रीपुरत्या उघडता येतील का, हे गृह विभागाला आणि पालिकेला विचारावे. प्रवेशपत्र पाहून वर्ग, पाणी आणि स्वच्छतागृह द्यायचे आहे, आणि मैदानाच्या तारखा दोघांनाही आधीपासून माहीत असतात.

— भरतीपूर्व मैदानी सराव घेणारे प्रशिक्षक, कराड