कॅप्टन बाल्दिन, तुम्ही वाकलात म्हणून

कॅप्टन विक्तर बाल्दिन यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही 1997 सालीच गेलात, हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. तरी लिहितेय. मी पुण्यात जुन्या पोथ्यांची पानं दुरुस्त करते. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कुन्स्टहालेत, म्हणजे तिथल्या कलासंग्रहालयात, जर्मन चित्रकार ड्यूररचं बायकांच्या न्हाणीघराचं रेखाचित्र पाहिलं. 1496 सालचा कागद, आणि मागच्या दारातून चोरून बघणारा तो पुरुषसुद्धा जिथल्या तिथे! दुसऱ्या महायुद्धात लुटलं गेलेलं हे चित्र अझरबैजानमधल्या बाकूच्या संग्रहालयात पोचलं, तिथून चोरीला गेलं, न्यूयॉर्कमध्ये सापडलं आणि 2001 मध्ये घरी आलं. तुम्ही वाचवलेल्या चित्रांतलं ते नव्हे, पण ती तुम्हाला सापडली ते तळघर तेच.

बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने 1943 मध्ये ब्रेमेनकरांनी संग्रहालयातली चित्रं बर्लिनच्या वायव्येला असलेल्या कार्न्त्सोवच्या गढीत हलवली होती. 1945 मध्ये तुमची सोव्हिएत तुकडी तिथे होती. तळघरात चित्रं जमिनीवर विखुरलेली, माणसं त्यांवरून चालत होती. तुम्ही वाकून ती उचललीत. 362 रेखाचित्रं आणि दोन रंगचित्रं वाचवलीत.

पण माझ्या मनातून जात नाही ते पुढचं. सोबतच्या सैनिकांकडे एखादं चित्र दिसलं की तुम्ही स्वतःजवळची वस्तू देऊन ते सोडवून घेत होतात. चार वर्षं लढलेल्या सैनिकाकडे द्यायला असतं तरी काय! तुम्ही कॅप्टन होतात, दरडावून घेता आलं असतं. तुम्ही मोल दिलंत.

पुढे ती चित्रं मॉस्कोच्या वास्तुकला संग्रहालयात दिलीत, स्वतः तिथले संचालक झालात, आणि ब्रेझनेव्हपासून गोर्बाचेव्हपर्यंत सोव्हिएत नेत्यांना पत्रं लिहिलीत: ही ब्रेमेनची आहेत, परत करा. जर्मनांनी तुमच्या देशाचं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतंत, तरीही. खुर्चीवरच्यांना मात्र ते जमलं नाही. 1991 मध्ये चित्रं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात गेली, 2003 मध्ये परत द्यायचं ठरलं आणि ऐनवेळी राजकारण आडवं आलं. मला त्याची अजून चीड येते. आयुष्यभर दुसऱ्याची ठेव दुसऱ्याला द्या म्हणून विनवत राहिलेला माणूस, आणि त्याच्या हयातीत एवढंही होऊ नये?

काल माझ्या टेबलाखाली पोथीचा नखाएवढा कपटा पडला होता, त्यावर दीडच अक्षर. वाकून उचलला, तेव्हा तुम्ही आठवलात.

तुमची ऋणी,
पुण्याची एक कागद सांधणारी