शनिवारच्या शोसाठी, सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडचा शो शनिवारवर आलाय! ज्यांनी ग्रुपमधून तिकिटं काढलीत त्यांनी दुपारी ४ ला गेट ३ बाहेर जमायचं, ५ ला आत सोडतात आणि उभं राहायच्या भागात जो आधी घुसेल तो पुढे, त्यामुळे "पाच मिनिटांत आलोच" वाल्यांसाठी कोणी थांबणार नाही. मागच्या शोला थांबलो आणि अख्खा शो खांबाच्या आडून बघितला.

- तिकीट घरूनच डाउनलोड करून ठेवा, गेटवर नेट रडतं. क्यूआर कोडचा फोटो कुठेही टाकू नका.
- कानात घालायचे फोमचे बोळे आणाच. १०० डेसिबलला कान सुरक्षित राहतात जेमतेम १५ मिनिटं, आणि आपण दोन तास उभे असणार. बोळा बोटांत बारीक वळायचा, कान वर ओढून आत सरकवायचा, फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता अडकवला तर उपयोग शून्य.
- अख्खी गाणी शूट करू नका प्लीज, मागच्यांना फक्त तुमचा मोबाइल दिसतो.

बॅनर एकच न्यायचा, छोटा, कापडी, काठीशिवाय. त्यावर '१९७८ पासून' (बँड सुरू झाला ते वर्ष) एवढंच लिहूया असं माझं मत. २०२२ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या चाहत्यांच्या मतदानात आपण त्यांना पहिल्या नंबरवर आणलं, तेही लिहा म्हणतायत काहीजण, पण मग अक्षरं बारीक होतात आणि स्टेजवरून गायक सायमनला काय दिसणार कप्पाळ!

कोण कोण येतंय ते आज रात्रीपर्यंत इथेच टाका.