नागेशला पत्र: मशीन शेवटी घे

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय नागेश,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. घरच्या शेडसाठी २०० अँपियरचं वेल्डिंग मशीन घ्यावं की २५० चं, असं तू विचारलंस. खरं त्या प्रश्नावर आत्ताच डोकं घालू नकोस. घरच्या शेडमध्ये तुला ७० ते १२० अँपियर लागणार, आणि तेवढे कुठलंही बऱ्यापैकी इन्व्हर्टर (हलकं, इलेक्ट्रॉनिक) मशीन देतंच. पैसा घालायचा तो वायरिंग, हेल्मेट, क्लॅम्प आणि टेबलात. त्यातून उरेल त्यात मशीन घे.

वायरिंगचं आधी. दिव्याच्या लाइनीवर मशीन लावायचं नाही. हिशेब असा: ९० अँपियरवर आर्कचे (रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचे) साधारण २४ व्होल्ट, म्हणजे २ किलोवॅटच्या किंचित वर. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर धरला की २३० व्होल्टच्या लाइनीतून १६ अँपियरच्या आसपास ओढलं जातं. १२० अँपियरला हाच आकडा २२ पर्यंत जातो. म्हणून मेन बोर्डापासून शेडपर्यंत वेगळी ४ चौरस मि.मी. ची तांब्याची वायर, त्यावर सी टाइपचा २५ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. अंतर ४० मीटरच्या पुढे असेल तर ६ ची वायर घे. वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या बिलावर मंजूर भार बघून घे. तो १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्यावा लागेल. एक्स्टेन्शनची रीळ वापरलीस तर सगळी उलगडून वापर, गुंडाळलेली वायर आतून तापून वितळते.

जॉबला (वेल्ड करायच्या लोखंडाला) लावायचा अर्थ क्लॅम्प म्हणजे घरचं अर्थिंग नव्हे. मशीनच्या बॉडीला तिसऱ्या पिनेतून खरं अर्थिंग हवंच, तुमच्याकडच्या ओल्या जमिनीवर तर विशेष. रॉड जॉबला टेकलेला नसताना होल्डरवर (रॉडच्या चिमट्यावर) ६०-७० व्होल्ट उभे असतात. भिजलेला हातमोजा आणि ओली चप्पल असली की तेवढेही पुरतात. पायाखाली कोरडी फळी टाक आणि व्हीआरडी असलेलं मशीन बघ, त्यात हे व्होल्ट आपोआप खाली येतात.

उद्यमबागेकडे (बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे) भंगारात तेलातलं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात दिसेल. दणकट असतं, पिढीभर चालतं, खरं ते बहुतेक दोन फेजचं, ४१५ व्होल्टवरचं. तुझ्या सिंगल फेजला उपयोगाचं नाही, मोह टाळ. इन्व्हर्टर घेताना पुढच्या बाजूचा मोठा आकडा बघू नकोस, मागच्या पाटीवर ड्युटी सायकल बघ. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं काम आणि ४ मिनिटं विश्रांती. १२० अँपियरला ६० टक्के मिळत असेल तर घरच्याला भरपूर झालं. सोबत येणारा अर्थ क्लॅम्प पत्र्याचा असतो, तो फेकून पितळी घे. ‘मशीन खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत सैल क्लॅम्पच पुष्कळदा सापडतो.

रॉड ६०१३ या प्रकाराचेच घे. दुकानात १२ नंबर मागितलास की अडीच मि.मी. चा मिळतो, १० नंबर म्हणजे ३.१५ चा. १२ नंबरला ६० ते ९० अँपियर, १० नंबरला ९० ते १३०. सुरुवातीला १२ नंबरच पुरे. ७०१८ ची ताकद जास्त म्हणून कुणी सांगेल, आणि ते खोटं नाही. खरं त्याला ३०० अंशांच्या वरची भट्टी लागते, ओलावा जराही चालत नाही, आणि शेडची दारं-टेबलं करायला त्याची गरजही नाही.

तुमच्या जांबोटीच्या पावसात ६०१३ सुद्धा ओला होतो. फोडलेलं पाकीट आठवडाभर उघडं राहिलं तर आर्क तडतडतो, रॉड चिकटतो, बीडमध्ये (वेल्डच्या रेघेत) टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल हा साधा उपाय. किंवा जुन्या लोखंडी कपाटात ६० वॅटचा पिवळा बल्ब सतत चालू ठेवायचा; एलईडी चालणार नाही, ऊबच हवी. ओले झालेले रॉड १०० ते ११० अंशांवर तासभर ठेवले की पुन्हा वापरता येतात. आवरणाला तडे गेले असतील किंवा आतल्या तारेला गंज धरला असेल तर मात्र टाकून दे.

आता टेबल. पहिलं काम हेच कर, कारण सपाट जागा नसेल तर पुढचं प्रत्येक काम वाकडं होणार. १२०० × ६०० मि.मी. चं टेबल, ४० × ४० × २ चा स्क्वेअर पाइप. ६ मीटरच्या दोन नळ्या पुरतात. पहिलीतून १२०० चे दोन तुकडे आणि ८०० चे चार पाय. दुसरीतून ५२० चे पाच आणि ११२० चा एक. सव्वादोन मीटर तुकडा उरतो, तो पुढे कामाला येतो. प्रत्येक कापाला चकतीचे ३ मि.मी. धर. वरची चौकट १२०० चे दोन आणि ५२० चे तीन, तिसरा मधोमध. खाली दोन्ही बाजूंना ५२० चे आणि मागे ११२० चा. पुढची बाजू मोकळी सोड, गुडघे जातात. पाइपचं वजन २२ किलोच्या आसपास. वर ८ मि.मी. ची प्लेट, ती एकटी ४५ किलो. ६ ची घेतलीस तर ३४ किलो, पण ती तापली की फुगते. प्लेट उद्यमबागेतून किंवा मच्छ्याहून मापात कापून आण, गॅसकटरच्या दातेरी कडा घासत बसू नकोस.

पायांच्या तळाला ५ मि.मी. पट्टीचे ४० × ४० तुकडे, मधे १८ चं भोक, आणि पाइपच्या आतल्या बाजूला एम १६ चा काळा नट. त्यात बोल्ट फिरवून शेणमातीच्या जमिनीवरही टेबल लेव्हलला आणता येतं. चकाकणारा जस्ताचा नट घेऊ नकोस. का ते खाली लिहितो.

जोडताना घाई नडते. चौकट जमिनीवर सपाट मांड, चारी कोपऱ्यांना गुण्या लाव, क्लॅम्प आवळ आणि प्रत्येक सांध्याला दोन-दोन टाके मार, पूर्ण वेल्ड नाही. मग कर्ण मोज: दोन्ही १३४२ च्या आसपास यायला हवेत, फरक २ मि.मी. च्या आत. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोड्यानं ठोक. पूर्ण वेल्ड घालताना एका कोपऱ्यावरून सरळ समोरच्या कोपऱ्यावर जा, शेजारच्या नाही. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला वेल्ड त्या बाजूला पाइपला ओढतं. म्हणून कोपऱ्याच्या आतली बाजू आधी पूर्ण केलीस तर पाय आत झुकतात. आत थोडं, बाहेर थोडं, असं आलटून पालटून घे. प्लेट तर कधीच सलग वेल्ड करू नकोस. खालून २५-३० मि.मी. चे टाके, दर २०० मि.मी. ला एक.

२ मि.मी. पाइपला १२ नंबर रॉड, ६५ ते ७५ अँपियर, होल्डर निगेटिव्हला. होल्डर पॉझिटिव्हला ठेवलास तर रुतण (लोखंडात खोल वितळणं) जास्त होते आणि पातळ पाइप फुटतो. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच, रॉड पुढच्या दिशेला १०-१५ अंश कललेला, आणि ओढत न्यायचा. ६०१३ ची खरी खोड म्हणजे स्लॅग (रॉडच्या आवरणाची वितळलेली मळी) पुढे धावणं. अँपियर कमी असले किंवा रॉड फार आडवा धरला की स्लॅग वितळल्या लोखंडाच्या पुढे जातो आणि आत अडकतो. वरून बीड छान दिसतं, छिन्नीनं ठोकलं की काळी पोकळी उघडी पडते. कडेला चर पडत असेल तर अँपियर जास्त किंवा आर्क लांब. बीड दोरीसारखं उंच उभं राहिलं तर अँपियर कमी. भोकं पडली तर ओल, गंज किंवा रंग. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर पांढरं लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडर मारल्याशिवाय रॉड लावूच नकोस.

गेटासाठी गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यायचा म्हणतोस. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. गूळ खाल्ला की बाधत नाही असं कारखान्यांतून सर्रास सांगतात, त्याच्यावर विसंबू नकोस. दोन्ही बाजूंचं दोन इंच जस्त घासून काढ, उघड्यावर वाऱ्याकडे पाठ न करता बाजू करून उभा राहा, आणि एन९५ लाव. वेल्ड झाल्यावर तिथं झिंक प्राइमर, नाहीतर एका पावसाळ्यात गंज.

हेल्मेट ऑटो-डार्कनिंग (आर्क पेटला की काच आपोआप काळी होणारं) घे, ९ ते १३ शेडचं; शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर. तुझ्या कामाला १० वर ठेव. गॅसवाल्यांचा काळा चष्मा आर्कला अजिबात चालत नाही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं सहा-आठ तासांनी सुरू होतं, त्यामुळे काम करताना काहीच कळत नाही. शेडच्या तोंडाला ताडपत्री सोड, घरची पोरं बघायला येणारच. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे खूप बघशील, तू काढू नकोस. ४ इंची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते. आणि मागच्या भिंतीला लावलेला गवताचा भारा आधी दुसरीकडे हलव.

राहिला तुझा तुटलेला व्हाइस (टेबलावरचा शिकंजा). आपल्या भागात फाउंड्र्या खूप, त्यामुळे भंगारात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तू पुष्कळ मिळतात. ६०१३ नं हे ओतीव बीड जोडलंस तर वेल्डच्या शेजारी टणक काचेसारखा थर तयार होतो आणि तिथंच तडकतं. निकेलचा रॉड घे. महाग असतो, सुटे चार-पाच मिळतात का ते बघ. तड्याला व्हीच्या आकाराची खाच घास, दोन्ही टोकांना ३ मि.मी. चं भोक पाड म्हणजे तडा पुढे सरकत नाही. एका वेळी इंचभरच वेल्ड, गरम असतानाच हलक्या हातोडीनं ठोकायचं, हात लावण्याइतकं निवलं की पुढचा इंच. शेवटी कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेव. तरीही जबड्याजवळचा तडा असेल तर मी जोडणार नाही, तिथं सगळा जोर येतो.

गेटाची मापं पाठव: दोन खांबांमधलं अंतर वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी मोजून. कापायची यादी करून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शशी

ता. क. मशीन आठवड्यातून एकदा बंद करून, प्लग काढून, हवेनं झटक. ग्राइंडरची लोखंडी पूड पंख्यातून आत ओढली जाते आणि सर्किट बोर्डावर बसून शॉर्ट करते. ग्राइंडिंगची जागा मशीनपासून निदान दोन मीटर लांब ठेव.