गाभण डुकरिणीचा खुराक आणि वारेचे दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वराहपालनाच्या माहितीपत्रकांत गाभण मादीच्या खुराकाबद्दल बहुधा एकच ओळ असते : रोज दोन-अडीच किलो, शेवटच्या महिन्यात वाढवून. आकडा ठीक आहे, चुकते ती वेळ. डुकरिणीचा गाभणकाळ साधारण 114 दिवसांचा. त्यात वार (गर्भाशयात पिल्लाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) मुख्यतः सत्तराव्या दिवसापर्यंत भरते, पुढे तिचे वजन फारसे वाढत नाही. त्या दिवशी पिल्लू असते जेमतेम पाव किलोचे आणि जन्मताना ते सव्वा-दीड किलोचे व्हायचे असते. म्हणजे पिल्लू झपाट्याने वाढू लागते तोवर त्याला पोसणारी वार तयार होऊन बसलेली असते. नंतर तिच्या पृष्ठभागाच्या घड्या खोल होऊन चिकटण्याची जागा वाढते, तेवढीच भरपाई. शेवटच्या महिन्यात ओतलेला जादा खुराक बराचसा आईच्याच अंगावर चढतो आणि विताना अडचण करतो.

डुकराची वार गायीसारखी ठरावीक गाठींनी जोडलेली नसते. ती सबंध पृष्ठभागाने गर्भाशयाला नुसती चिकटते आणि आई आणि पिल्लू यांच्या रक्तांच्या मध्ये पेशींचे सहा थर राहतात. म्हणूनच आईची रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातल्या पिल्लाला मिळत नाहीत आणि जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो. एवढ्या जाड आडोशातून अन्न पोचायचे तर वारेत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट हवे. चीनच्या मेइशान जातीची वार यॉर्कशायरपेक्षा लहान, पण जाळे दाट. तेवढ्याच जागेत ती जास्त पिल्ले वाढवते.

हे जाळे प्रथिनांवर उभे राहते, त्यातही आर्जिनिन या अमिनो आम्लावर. त्यापासून होणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या रुंदावतो, तर पॉलिअमाइन्स पेशींची वाढ घडवतात. गाभण मादीच्या खाद्यात 12 ते 14 टक्के प्रथिने हवीत. सव्वादोन किलोत 13 टक्क्यांनी ती सुमारे 290 ग्रॅम होतात. हॉटेलच्या उष्ट्यावर पोसलेल्या मादीचे गणित इथेच फसते. भात, पोळ्या, तेलाचा तवंग यातून ऊर्जा भरपूर, प्रथिने अपुरी. मादी गुबगुबीत दिसते, मालक खूश असतो. पण अति चरबी वारेतही साठते आणि रक्तवाहिन्यांची वाढ खुंटवते. उष्टे द्यायचेच तर तासभर ढवळत उकळून द्यावे (उष्ट्यातून पसरू शकणारा डुकरांचा घातक रोग, आफ्रिकन स्वाइन फीव्हर, 2020 पासून देशात आहे), मिठावर लक्ष ठेवावे, पाणी कधी कमी पडू देऊ नये आणि सोबत पेंड द्यावी.

कोणती पेंड? शेंगदाणा पेंडीत आर्जिनिन भरपूर, पण लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी आणि बुरशीचे विष धरण्याची भीती मोठी. सोयापेंड दोन्ही बाबतींत सुरक्षित. तिलाच मुख्य ठेवून शेंगदाणा पेंड ताजी, वास न येणारी असेल तरच थोडी मिसळावी. सरकी पेंड मात्र नको. तिच्यातले गॉसिपॉल डुकराला बाधते.

बाजारात आर्जिनिनची पाकिटे मिळतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेक्सासमधील चाचणीत पहिलारू माद्यांना तिसाव्या दिवसापासून विण्यापर्यंत खाद्यात 1 टक्का आर्जिनिन (हायड्रोक्लोराइड रूपात), म्हणजे दोन किलोत 20 ग्रॅम दिल्यावर सरासरी दोन जिवंत पिल्ले जास्त मिळाली. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही. शिवाय फळवल्याच्या दिवसापासूनच दिलेल्या एका चाचणीत 0.8 टक्क्याला गर्भांची संख्या उलट घटली. प्रथिनांचा पाया नसताना पाकिटावर पैसे घालवणे मला पटत नाही.

सर्वांत नाजूक काळ मात्र वार भरण्याआधीचा, फळवल्यापासून अकरावा-बारावा दिवस. तेव्हा भ्रूण स्वतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडून गर्भाशयाला आपल्या असण्याची खूण पटवतात. पावसात भिजलेल्या मक्यावरच्या बुरशीचे विष, झिअरालेनोन, हेही इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्या आठवड्यात असा मका पोटात गेला तर खुणांचा घोळ होतो. भ्रूण रुजत नाहीत, मादी उशिरा उलटते (पुन्हा माजावर येते) किंवा गाभण नसताना गाभण वाटते. कळपातल्या न फळवलेल्या माद्यांचे योनिद्वार सुजून लाल दिसले तर आधी मक्याचे पोते तपासावे. मका 12-13 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवावा.

मादी योग्य अंगाची आहे का हे तळहाताने कळते. कंबरेचे हाड दिसू नये, पण दाबल्यावर लागावे. न दाबता लागले तर तिसाव्या ते सत्तराव्या दिवसांत पाव-अर्धा किलो वाढवावे. दाबूनही लागले नाही तर भरडा घटवून गव्हाचा कोंडा वाढवावा, पेंड मात्र कमी करू नये. अनुदान घेऊन सुरू होणाऱ्या फार्मना खाद्याचा एकच आकडा देण्याऐवजी फळवल्याच्या तारखेपासून दिवसवार तक्ता द्यावा. तो लिहायला एक पान पुरते.

– पशुआहार क्षेत्रातील एक वाचक