रोबो गोलकीपरचे नियम आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लातूर भागात कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये आता दोन पायांच्या रोबोंची फुटबॉल मॅच पण ठेवायला लागलेत, लई चांगली गोष्ट आहे. पण गोलकीपरचे नियम कुणी नीट लिहीतच नाही आणि त्यात खरी मेहनत केलेल्या पोरांवर अन्याय होतोय, म्हणून हे पत्र.

परवा एका मॅचला शिट्टी वाजली तसा एका टीमचा कीपर गोललाइनवर आडवा झाला अन् शेवटपर्यंत उठलाच नाही. गोल दीड मीटरचा, रोबो ६० सेंटिमीटरचा, हात डोक्यावर ताणला की ८० च्या आसपास जातो, म्हणजे निम्मा गोल नुसता झोपूनच बंद! समोरच्या टीमचा कीपर मात्र बॉल बघून डाईव्ह मारणारा होता, ते हरले. रेफरी तरी काय करणार, नियमावलीत याबद्दल एक ओळ नव्हती.

डाईव्ह म्हणजे पोरखेळ नाही हो. रोबोला बाजूला पडायलाच अर्धा-पाऊण सेकंद लागतो, त्यामुळं बॉल सुटल्या सुटल्या कॅमेऱ्यानं दिशा ओळखावी लागते अन् आपटायच्या आधी सांध्यातल्या मोटारी (सर्वो) सैल सोडल्या नाहीत तर त्यांचे गिअर जातात. मॅच झाल्यावर हरलेल्या टीमचा पोरगा रोबोचा खांदा उघडून बसला होता, बारक्या गिअरचे दात उडालेले अन् कोपराला चिकटवलेला स्पंज फाटून लोंबत होता.

म्हणून डाईव्हवर बंदी अजिबात नको. मारा डाईव्ह, पण २० सेकंदांत आपलं आपण उठा, नाही उठला तर अर्धा मिनिट बाहेर. बॉल जवळ नसताना आडवं पडलं की सरळ फाउल. ज्यांचा रोबो उठूच शकत नाही अशा नवीन टीमला हातानं उचलू द्या, पण बाहेरचा वेळ त्यांनाही भरू द्या. हात पसरून माप घ्या, ते उंचीच्या फार पुढं नको, माणसाचं पण जवळपास उंचीएवढंच भरतं. रोबोकप या रोबोंच्या जागतिक स्पर्धेतल्या ह्युमनॉइड (माणसासारख्या रोबोंच्या) लीगमध्ये सुद्धा अंगाचं प्रमाण अन् सेन्सर माणसासारखेच लागतात, कारण २०५० पर्यंत माणसांच्या वर्ल्ड चॅम्पियन टीमला फिफाच्याच नियमांनी हरवायचं हे त्यांचं ध्येय आहे.

आणि कीपरनं खेळ अडवून धरू नये यासाठी माणसांच्या फुटबॉलला पण नियम बदलावेच लागले. १९९२ ला आपल्याच खेळाडूनं पायानं दिलेला बॅकपास हातात घ्यायला बंदी आली, अन् २०२५ पासून कीपरनं ८ सेकंदांपेक्षा जास्त बॉल धरला की समोरच्याला कॉर्नर मिळतो.

आयोजकांना एवढीच विनंती, हे सगळं एंट्री फॉर्मसोबतच छापून द्या. मॅचच्या दिवशी सकाळी सांगून उपयोग नाही, पोरं सर्वो मागवतात तेव्हाच रोबोचा हात किती लांब करायचा ते ठरलेलं असतं.

आपला,
एक लॅब इन्स्ट्रक्टर, लातूर