भारत-पोर्तुगाल तापमानाची तुलना: आधी फूटपट्टी एक करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात हवामानाचा विषय निघाला की भारत आणि पोर्तुगालचे आकडे शेजारी मांडले जातात. आपला इतिहास पाहता ते स्वाभाविक आहे. पण ‘पोर्तुगाल आपल्यापेक्षा कितीतरी पट वेगाने तापला’ हे विधान ज्या आकड्यांवर उभे असते, ते बहुतेक वेळा दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेले असतात.

भारतीय हवामान खात्याच्या नोंदींनुसार १९०१ ते २०२४ या काळात देशाचे सरासरी तापमान शंभर वर्षांना ०.६८ अंश सेल्सिअस या गतीने वाढले. पोर्तुगालची गती मात्र अनेकदा १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनची आणि दर दशकाची सांगितली जाते. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तापमान काही दशके थोडे उतरले आणि साधारण १९७५ नंतर पुन्हा चढू लागले. त्या खळग्यातून रेषा ओढली की चढ उभा दिसणारच. भारताचीही गेल्या पन्नास वर्षांतली चढण शतकाच्या सरासरीपेक्षा उभी आहे. तेव्हा वर्षे सारखी घ्यावीत आणि सुरुवातीचे वर्ष चार-पाच वर्षे मागेपुढे करून पाहावे. त्याने उत्तर पालटत असेल, तर ते छापू नये.

दुसरी चूक संदर्भकाळाची. २०२४ मध्ये भारताचे तापमान सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त होते आणि जगाचे सुमारे १.५५ अंश. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिला १९९१-२०२० च्या सरासरीवर बेतलेला आहे आणि दुसरा १८५०-१९०० च्या. त्यांची वजाबाकी करून भारत जगापेक्षा थंड राहिला म्हणणे म्हणजे एकाची उंची जमिनीवरून आणि दुसऱ्याची पहिल्या मजल्यावरून मोजणे.

ऋतूंचेही तसेच. आपले हवामान खाते जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा धरते, तर युरोपात डिसेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा. ऋतूंची नावे जुळवण्यापेक्षा महिने जुळवावेत. पोर्तुगालच्या आकड्यात असोरेस आणि मादेइरा ही बेटे धरली आहेत की फक्त मुख्य भूमी, हेही पाहावे, कारण समुद्राने वेढलेल्या बेटांचा तापमानबदल वेगळा असतो.

तुलना करायचीच तर दोन्ही देशांसाठी तापमानाच्या नोंदींचा एकच जागतिक संच घ्यावा. प्रत्येक महिन्याच्या तापमानातून त्याच महिन्याची १९६१-१९९० ची सरासरी वजा करावी आणि राहिलेल्या फरकांवरच पुढचे गणित करावे. संच चौकटींचा असेल, म्हणजे नकाशा अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत विभागून प्रत्येकीचे तापमान दिलेले असेल, तर प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्यावे, कारण उत्तरेकडे चौकटी आकाराने लहान होत जातात. भारताच्या दक्षिण टोकाला, ८ अंशांवर, हे वजन ०.९९ असते, तर ३७ अंशांवर ०.८०. हे विसरले की हिमालयाकडच्या चौकटींचा वाटा उगाच वाढतो. वाढीची रेषा काढताना एखाद्या टोकाच्या वर्षाने ती ओढली जाऊ नये म्हणून प्रणबकुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत वापरावी. तिच्यात वर्षांच्या सर्व जोड्यांचे उतार काढून त्यांतला मधला घेतात.

इथे एक खाचखळगा आहे. काही फायलींत गहाळ नोंदीच्या जागी ९९.९ असा खुणेचा आकडा असतो. २८ अंश सरासरीच्या ३१ दिवसांच्या महिन्यात असा एक आकडा गाळायचा राहिला, तर महिन्याची सरासरी तब्बल २.३ अंशांनी वर जाते. शंभर वर्षांच्या खऱ्या वाढीच्या तिप्पट चूक एका खुणेने होते! म्हणून सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक स्तंभातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा डोळ्यांनी पाहावाच.

हवामान केंद्राच्या मूळ नोंदी वापरणाऱ्याने त्या केंद्राचा इतिहास तपासावा. तापमापक ज्या झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, तिचा रंग आपल्या पावसाळ्यात शेवाळून काळवंडला की पेटी जास्त ऊन शोषते. केंद्र हलले किंवा शेजारी काँक्रीट झाले, तर आलेखात अचानक पायरी दिसते. ती हवामानाची की पेटीची, हे आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून ठरते.

एवढे सगळे केल्यावरही पोर्तुगालची अलीकडची वाढ भारतापेक्षा जास्तच दिसेल, आणि त्याला कारणे आहेत. १९८० च्या दशकापासून युरोप जगाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने तापतो आहे. तिथली हवा स्वच्छ झाली आणि ऊन अडवणारे सल्फेटचे कण घटले, हे त्यातले एक कारण. भारतात ते कण वाढले, सिंचनही वाढले. दोन्हींमुळे काही उष्णता झाकली गेली. झाकली गेली, टळली नाही.

आणि गोव्याने तर ०.६८ या आकड्यावर मुळीच निर्धास्त होऊ नये. पोर्तुगालमधील आमारेलेझा येथे १ ऑगस्ट २००३ रोजी ४७.३ अंश नोंदले गेले. तसा पारा आपल्याकडे चढत नाही. पण शरीराला घाम वाळवता येतो की नाही, हे तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून घेतलेल्या तापमानावरून कळते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ते सुमारे २३ भरते. मे महिन्यात आपल्याकडे ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की ते २९ च्या आसपास जाते. म्हणून किनारपट्टीच्या केंद्रांसाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादाही मैदानी भागातल्या ४० ऐवजी ३७ अंश आहे, अर्थात सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश वाढ असेल तर.

आपल्या दैनिकाला विनंती की असा आलेख छापताना त्याखाली कालखंड, संदर्भकाळ, घेतलेले क्षेत्र आणि संचाचे नाव एवढी एक ओळ द्यावी. रोजच्या तापमानाच्या चौकटीत पणजी आणि मुरगावच्या कमाल-किमान आकड्यांशेजारी आर्द्रताही द्यावी. ही दोन्ही केंद्रे किनाऱ्यावरची असल्याने सत्तरी आणि सांगेतली दुपार त्यांत उमटत नाही. तिथल्या नोंदी मिळतील तेव्हा त्यांनाही जागा द्यावी.

आपला,
एक वाचक, फोंडा