चिनू, मंगळ खरंच वक्री असतो

चिनू,

फोन केला की "हो आई, बरं आई" करून ठेवून देतोस म्हणून आज टाईप करत बसलेय, लांब झालंय, मेसच्या लाईनीत उभा असशील तेव्हा वाच.

दिवाळीत गच्चीवर आबा म्हणाले की मंगळ वक्री झाला की मागं चालायला लागतो, आणि तू फिसकन हसलास. "आबा, ते जुने लोक येडे होते, पृथ्वी मध्ये आहे म्हणायचे." आबा काही बोलले नाहीत, खाली जाऊन सकाळचाच पेपर परत वाचत बसले, तुझ्या लक्षात पण आलं नाही. मी तुला तेव्हाच विचारलं, पृथ्वी फिरते हे तुला कसं कळलं रे? तर म्हणे पुस्तकात आहे. मग आबांचं पण पंचांगात आहे की!

पत्रिकाबित्रिका सोड, त्यात मला पण रस नाही. पण मंगळ मागं जाताना दिसतो हे शंभर टक्के खरंय, साधारण 26 महिन्यांतून एकदा दोन-अडीच महिने तो ताऱ्यांमधून उलटा सरकतो. हायवेला आपण एसटीला ओव्हरटेक करतो तेव्हा लांबच्या डोंगरासमोर ती एसटीच मागं चालल्यासारखी वाटते ना, तसं, पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून मंगळाला मागं टाकते. आता पृथ्वी जागेवरच आहे असं धरून हे करून दाखव बरं. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून करून दाखवलं, ग्रह एका लहान चक्रावर बसवला आणि ते चक्र मोठ्या चक्रावर फिरवलं, जत्रेत कपबशीच्या पाळण्यात बसून तुला उलटी झाली होती, अगदी तेच मशीन. आणि ते चालायचं रे! कुठला ग्रह कधी कुठं दिसेल ते कामापुरतं बरोबर यायचं, लोकांनी तेराशे-चौदाशे वर्षं वापरलं, येड्यांचं काम नाही ते. आपल्या आर्यभटानं 499 च्या सुमारास लिहिलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, नावेतल्या माणसाला काठ मागं जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, पण ग्रहांच्या गणितात त्याच्याकडं पण चक्रंच आहेत आणि मध्ये पृथ्वीच, त्यामुळं ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना की आपण आधीच सगळं सांगून ठेवलंय, ते मला पाठवू नकोस.

1543 मध्ये कोपर्निकसनं सूर्य मध्ये ठेवला. वक्री मंगळ चटकन सुटला, पण त्यानं कक्षा गोलच धरल्या त्यामुळं लहान चक्रं परत आलीच, आणि उत्तरं काही फार सुधारली नाहीत. लंबवर्तुळ केप्लरनं 1609 मध्ये आणलं, ते पण मंगळाच्याच मागं लागून.

मला सगळ्यात आवडतो तो टायको ब्राहे, केप्लरच्या आधीचा डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ. अंगठा समोर धर, एक डोळा मिट, मग दुसरा, अंगठा हलतो की नाही? पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी आपण पार पलीकडच्या टोकाला, आजच्या हिशोबानं 30 कोटी किलोमीटर लांब, मग जवळचे तारे असेच हलले पाहिजेत. दुर्बीण नसताना त्याच्याइतकं बारीक मोजणारा कुणी नव्हता आणि त्याला काहीच हललेलं दिसलं नाही. मग एकतर पृथ्वी थांबलेली, नाहीतर तारे इतके लांब की विचारच करायला नको. त्यानं पहिलं धरलं, ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती. चुकला, पण मी असते तर मी पण तेच म्हटलं असतं.

गॅलिलिओनं 1610 मध्ये दुर्बिणीतून शुक्राच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या आणि टॉलेमी तिथं संपला, पण टायको नाही संपला, त्याच्या मांडणीत पण त्या कला तशाच दिसतात! 1633 मध्ये गॅलिलिओवर खटला चालला तेव्हा पृथ्वी फिरते याचा त्याचा हुकमी पुरावा होता समुद्राची भरती-ओहोटी, आणि तो चुकीचा होता. हे आम्हाला बीएस्सीला कुणी सांगितलं नाही, मला चाळिशीत कळलं.

तारा हलताना पहिल्यांदा नीट मोजला तो बेसेलनं, 1838 मध्ये, हंस तारकासमूहातला एक अंधुकसा तारा. किती हलला माहितीय? तू शनिवारवाड्यापाशी उभा राहा आणि सिंहगडावर दहा रुपयांची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवलीयत असं समज. सहा महिन्यांत तेवढाच. कोपर्निकसनंतर 295 वर्षांनी.

आबांना रविवारी फोन कर, सॉरीबिरी नको म्हणूस, त्यांना ते आवडत नाही, मंगळ आत्ता कुठल्या राशीत आहे तेवढं विचार, अर्धा तास बोलतील. आणि चिवड्याचा स्टीलचा डबा येताना आण, मागचे दोन तिकडंच आहेत.

आई